पराभवानंतरचे प्रशिक्षक

बोस्टन, ४ मे २०२४. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगच्या बाद फेरीतला निर्णायक सातवा सामना जादा वेळेत गेला होता. त्यातली दोन मिनिटेही पुरती झाली नव्हती. बोस्टन ब्रुइन्सच्या खेळाडूने पुढे टोलवलेली रबरी चकती मैदानाच्या टोकाच्या भिंतीवर आपटून परत आली, डेव्हिड पास्टरनाकने ती नेमकी गाठली आणि टोरांटो मेपल लीफ्सचा हंगाम १-२ अशा पराभवाने संपला. १९६७ पासून स्टॅन्ले करंडकाची वाट पाहणाऱ्या टोरांटोकरांपुढे मग नेहमीचाच प्रश्न उभा राहिला. फळ्या चुकल्या की प्रशिक्षक? पाच दिवसांनी प्रशिक्षक शेल्डन कीफ यांना नारळ मिळाला.

या फळ्यांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. आइस हॉकीत आक्रमकांच्या तीन-तीन जणांच्या चार फळ्या असतात आणि बचावपटूंच्या तीन जोड्या. एक फळी बर्फावर साधारण पाऊण मिनिटच राहते. पूर्ण वेगाने धावताना स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा काही सेकंदांत उतरतो. पुढची ऊर्जा ऑक्सिजनशिवाय साखर जाळून मिळते आणि पाय लवकर जड होतात. म्हणून खेळ चालू असतानाच फळ्या बदलत राहतात. खेळ थांबला, की यजमान संघाला शेवटचा बदल करण्याची मुभा असते. म्हणजे समोर कोण उतरले ते पाहून आपली फळी निवडता येते. त्या रात्री ही सोय बोस्टनकडे होती. ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नर यांना एका फळीत ठेवावे की वेगळे, यावर टोरांटोत वर्षानुवर्षे वाद झडले. पण यातले बरेचसे निर्णय प्रशिक्षकाला काही सेकंदांत घ्यावे लागतात, हे वाद घालताना फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

निकाल कळल्यावर मात्र सगळेच आधीपासून दिसत होते असे वाटू लागते. बरूच फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवले, की एखाद्या घटनेचा शेवट सांगितला की लोकांना तो शेवट अटळ वाटतो आणि आपल्यालाही तो आधी ओळखता आला असता अशी त्यांची खात्री होते. पुढे १९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. निर्णय तोच, माहितीही तीच, पण परिणाम वाईट झाला तर लोक निर्णय घेणाऱ्यालाच कमी गुण देतात. दोन सामने बाहेर बसलेल्या मॅथ्यूजला सातव्या सामन्यात उतरवले आणि संघाच्या एकमेव गोलला त्याचा हातभार लागला. ती चकती भिंतीवरून दुसरीकडे उडाली असती, तर हाच निर्णय धाडसी ठरला असता.

अर्थात सगळेच खापर नशिबावर फोडता येणार नाही. प्रतिस्पर्धी एका खेळाडूने कमी असताना मिळालेल्या २१ संधींपैकी टोरांटोला त्या मालिकेत एकच गोल करता आला. यावर चाहते चिडले, ते रास्तच होते. तरीही या खेळात योगायोगाचा वाटा मोठा आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये चार मोठ्या लीगचे निकाल तपासले. बास्केटबॉलमधल्या सात सामन्यांच्या मालिकेत सरस संघ जितक्या खात्रीने जिंकतो, तितकी खात्री आइस हॉकीत हवी असेल तर ५१ सामन्यांची मालिका खेळवावी लागेल, असा त्यांचा हिशेब निघाला. टोरांटोने प्रशिक्षक बदलला, क्रेग बेरुबे आले. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध संघाने पहिले दोन सामने जिंकले आणि घरच्या मैदानावर सातवा १-६ असा गमावला.

चाहत्यांच्या शरीरावर या सगळ्याचा काय परिणाम होतो? मॉन्ट्रियलमध्ये दोन शाळकरी मुलींच्या विज्ञान प्रकल्पातून सुरू झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टीव्हीवर आइस हॉकी पाहताना चाहत्यांच्या नाडीचे ठोके सुमारे ७५ टक्क्यांनी वाढत होते, तर प्रत्यक्ष मैदानात ११० टक्क्यांनी. गोलची संधी आपली असो वा प्रतिस्पर्ध्याची, ठोके चढतच होते आणि जादा वेळेतही ते असेच उंचावत होते. हा अभ्यास अवघ्या वीस जणांचा होता, हे खरे. पण २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्याची नोंद आहे, आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतल्या होत्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका जास्त होता. अशा रुग्णांनी मोठ्या सामन्याच्या दिवशी नेहमीची गोळी चुकवू नये आणि छातीत दुखू लागले तर निकालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

राहिला राग. जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' म्हणण्याची सवय रॉबर्ट चिआल्दिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांत टिपली होती. क्रिकेटच्या देशात ती वेगळी शोधायला नको. 'ते' म्हटल्याने अपमान थोडा दूर सरकतो, पण राग तसाच राहतो. मग तो रात्रभर बोलून, शिव्या देऊन बाहेर काढला की मन हलके होते अशी समजूत आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ती तपासली. चिडवलेल्या स्वयंसेवकांपैकी एका गटाने चिडवणाऱ्याला मनात आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर गुद्दे मारले, दुसऱ्या गटाने केवळ व्यायाम म्हणून मारले आणि तिसरा नुसता शांत बसून राहिला. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला होता. सर्वांत कमी आक्रमकता दिसली, ती काहीच न करता बसलेल्यांत.