पोटात जाते एक, काम करते दुसरेच

हृदय दुबळे झाल्यामुळे पायांवर सूज आली किंवा यकृताच्या विकाराने पोटात पाणी साठले, की डॉक्टर अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन लिहून देतात. लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या औषधांत हे जरा निराळे, कारण त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा आहे. (प्रेडनिसोलोनच्या जातीचे मात्र हे नव्हे.) शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची जागा ते अडवते. पण रक्तातले मूळ औषध सरासरी १.४ तासांत निम्म्यावर येते आणि तरीही दिवसाला एक गोळी बहुतेकांना पुरते. कोडे सुटते ते यकृतात. तिथे या औषधापासून नवे पदार्थ तयार होतात. त्यांपैकी कॅनरेनोन निम्मे व्हायला सुमारे १६.५ तास लागतात, तर गंधक असलेल्या थायोमिथाइल रूपाला १३.८. म्हणजे या गोळीचा गुण आणि धोका दोन्ही तिच्या वंशजांकडे पाहूनच ओळखावे लागतात.

हे वंशज ओळखतानाही शास्त्रज्ञ बराच काळ फसले होते. रक्ताच्या नमुन्यावर आम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यातून उमटणारी चकाकी मोजायची, अशी जुनी पद्धत होती. त्या आम्लात गंधकयुक्त पदार्थांतला गंधक निघून जाई आणि त्यांचेही कॅनरेनोन होई. साहजिकच सगळे श्रेय कॅनरेनोनच्या खात्यावर जमा झाले. १९८०च्या दशकात घटक वेगवेगळे करून मोजणारी क्रोमॅटोग्राफी वापरात आली, तेव्हा थायोमिथाइल रूपच रक्तात अधिक असल्याचे दिसले. कॅनरेनोन निकामी ठरले नाही, फक्त त्याचा मक्ता गेला.

यावर कोणी म्हणेल, परिणाम रेंगाळतो तो पेशीच्या कारभारामुळे, वंशजांना कशाला श्रेय? आक्षेपात तथ्य आहे. अल्डोस्टेरॉन पेशीच्या केंद्रकात जाऊन सोडियम शोषणारी प्रथिने बनवून घेते. त्याला अडवले तरी आधी तयार झालेली प्रथिने काही काळ काम करतच राहतात. म्हणून पूर्ण गुण यायला दोन-तीन दिवस जातात. पण ही अडवणूक रात्रंदिवस चालू ठेवायला रक्तात कोणीतरी हजर लागते, आणि दीड तासात निम्मे होणाऱ्या मूळ औषधाला ते जमणारे नाही. मग थेट कॅनरेनोनच का देऊ नये? तेही झाले आहे. त्याच्याशी संबंधित पोटॅशियम कॅनरेनोएट पाण्यात विरघळते, म्हणून युरोपात ते शिरेतून देण्यासाठी वापरले गेले.

रुग्णाला या रसायनशास्त्राशी काय देणेघेणे, हा प्रश्न मला पटत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्स चाचणीत हृदय निकामी होत चाललेल्या १६६३ रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत हे औषध किंवा बिनऔषधी गोळी दिली गेली. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. त्यानंतर वापर झपाट्याने वाढला आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात रक्तातले पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणारेही वाढले. हे औषध पोटॅशियम लघवीवाटे जाऊ देत नाही. मूत्रपिंडे थकलेली असतील, जोडीला टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी असेल, किंवा कमी सोडियमचे म्हणून पोटॅशियमयुक्त मीठ जेवणात आले असेल, तर धोका वाढतो. अशा वेळी आज गोळी थांबवली म्हणून उद्या पोटॅशियम जागेवर येईल, असे धरून चालता येत नाही, कारण तिचे वंशज रक्तात रेंगाळतात. तपासणी पुन्हा करावीच लागते.