समुपदेशकाची पाटी आणि राळेगावची बोली

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हे कापूस पिकविणाऱ्या तालुक्याचे ठिकाण होय. मानसशास्त्राची उच्च पदवी घेतलेल्या एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने तेथे स्वतंत्र व्यवसाय थाटावयाचे मनात आणल्यास भाड्याच्या खोलीआधी दारावरच्या पाटीचा प्रश्न उभा राहतो. तिच्यावर लिहावे काय?

'समुपदेशन' हा शब्द 'उपदेश' या शब्दास 'सम्' हा उपसर्ग जोडून सिद्ध झालेला आहे. व्यवसायाचे मर्म मात्र उपदेश न करण्यात आहे. येथे समोरच्याचे ऐकून घ्यावयाचे, आणि त्याचा विचार त्यालाच उलगडून पाहू द्यावयाचा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला उपदेशाची वाण नसते. सासरा, सावकार, बियाण्यांचा दुकानदार असे सारेच तो फुकट करीत असतात. त्यासाठी पैसे मोजून जिना चढावा, असे त्यास का वाटावे? 'मानसोपचार' लिहावे, तर त्या शब्दावर वेडाची छाया पडते. मुंबईत अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती रुजविणारे कि. मो. फडके यांच्या परंपरेत 'विवेकनिष्ठ' ही संज्ञा रूढ झाली. ती अर्थाने नेमकी असली, तरी सुशिक्षित वाचकासाठी घडलेली आहे.

पाटीला कायद्याचीही बाजू आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. 'समुपदेशक' या नावाला तसे कुंपण दीर्घकाळ नव्हते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचे काही वर्ग अनुसूचीत घेतले. औषध लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञाचे काम. तेव्हा ज्याला औषधाची गरज आहे त्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे वेळीच धाडणे, हाही या व्यवसायाचा भागच होय.

खरा कस बोलीत लागतो. 'मला नैराश्य आले आहे' असे वाक्य या भागात क्वचितच कानी पडते. मन लागत नाही, डोके जड झाले, जीव घाबरतो, झोप उडाली, अशी तक्रार शरीराच्या वाटेने येते. आणि अलीकडे 'टेन्शन' हा एकच शब्द या साऱ्यांवर पांघरूण घालतो. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो, म्हणून 'काळजी' ही 'कायजी' होऊन येते. ही झाली उच्चाराची गोष्ट, सवयीने कान तयार होतो. कोलाम पोडांवर मात्र द्राविड कुलातील कोलामी बोलली जाते. तेथे मराठी प्रश्नावलीचे उत्तर 'हो' असे आले, तरी त्यात होकार किती आणि सौजन्य किती, हे सांगणे कठीण.

उत्पन्नाचा विचार कटूच आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी विनामूल्य सेवा उभ्या राहिल्या. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी शासनाने 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात आशा सेविका घरोघरी गेल्या. २०२२ पासून 'टेलिमानस' चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून कामास लाविले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात नमूद आहे. यावरून खाजगी समुपदेशकास येथे काम नाही असे मात्र ठरत नाही. आठवड्यास एकदा, महिनोन्महिने, त्याच माणसाजवळ बसणे मोहिमेस झेपत नाही. तथापि केवळ राळेगावच्या शुल्कावर घर चालेल, असे मानणे भाबडेपणाचे होय. शाळा-महाविद्यालयांतील मानधनाचे काम, दूरध्वनीवरील बैठका आणि यवतमाळ किंवा वर्धा येथील ठरावीक वार यांची जोड घ्यावीच लागते. शुल्कही कापूस विकला जाईपर्यंत थांबते. त्याची वही आधीपासून ठेवलेली बरी, कारण उधारीचा संकोच पुढच्या भेटीच्या आड येतो.

आणखी एक अडचण शहरातील व्यावसायिकास सुचणारही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला. पण जिना कोण चढला हे समोरच्या चहाच्या टपरीवरून सर्वांस दिसते. म्हणून खोली दवाखान्याशेजारी किंवा शिकवणी वर्गाच्या माडीवर घेणे श्रेयस्कर. तेथे जाण्यास माणसाजवळ सांगण्यासारखे दुसरे कारण असते.