दोन बाह्यांची लोकर

माळव्यातल्या आपल्या मराठी घरांत एका शब्दाची हमखास गंमत होते. बाजारात हिंदीतून मागायची ती 'ऊन', आणि घरी गच्चीवर अंगावर घ्यायचं तेही ऊन! आमच्या लहानपणी डिसेंबरात फ्रीगंजच्या गच्च्यांवर ही दोन्ही एकत्र असायची. टॉवर चौकाच्या बाजूला खरेदी करून आलेल्या बायका दुपारी सुया घेऊन बसत. दुकानदाराशी बोलताना 'फंदे' म्हणत, आपसात 'टाके'.

नव्या मुलींना एक गोष्ट सांगायला हवी. लोकरीच्या पट्टीवर शेड नंबर असतो, तसाच लॉट नंबरही असतो. एका वेळी जेवढी लोकर एकत्र रंगते, तो एक लॉट. पुढच्या खेपेला तोच रंग किंचित वेगळा उतरतो. गोळे शेजारी ठेवून फरक कळत नाही, पण विणल्यावर चक्क पट्टा उमटतो. म्हणून पूर्वी बायका लागेल तेवढी लोकर एकदमच घेत.

1986 चा हिवाळा आमच्या घराला जड गेला. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि आई ऑर्डरचे स्वेटर विणू लागली होती. एका लग्नघरातून नवरदेवासाठी राखाडी स्वेटर सांगितला होता. विणून निम्मा झाल्यावर निरोप आला, 'लांबी चार बोटं वाढवा.' एक बाही राहिली आणि लोकर संपली. दुकानात त्या लॉटचा एकही गोळा उरला नव्हता. स्वेटर वेळेत गेला नसता तर मजुरी बुडाली असती आणि लोकरीचा खर्चही अंगावर पडला असता.

शेजारच्या काकूंनी आईबरोबरच त्याच लॉटची लोकर घेतली होती, नातवासाठी. तिसऱ्या दिवशी त्या दोन गोळे घेऊन आल्या. "जास्तीची आणली होती गं, पडूनच होती," एवढंच म्हणाल्या. पैसे घेतले नाहीत. स्वेटर वेळेवर पोचला.

पुढची गोष्ट मला तीस वर्षांनी कळली. 2016 साली चेन्नईत देशभरातल्या बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरचं ब्लँकेट केलं आणि जागतिक विक्रम नोंदवला. ती बातमी वाचून आम्ही काही जणींनी पुन्हा सुया बाहेर काढल्या. आमच्या त्या बैठकीत काकूंच्या सूनबाई एकदा सहज म्हणाल्या, "सासूबाईंनी एका रात्रीत मुलाच्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या उसवल्या होत्या. तो रडायला लागला, तर म्हणाल्या, यंदा बिनबाहीचीच फॅशन आहे."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली. "मला तेव्हाच कळलं होतं. उसवलेली लोकर कुरळी होते. लडी करून, कोमट पाण्यातून काढून, खाली वजन बांधून वाळवली तरी थोडी लाट राहतेच. धागा बोटावर घेतला आणि ओळखलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी झाकलं होतं ते मी कशाला उघडं करू?"

पुढच्या हिवाळ्यात आईने काकूंच्या नातवाला पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणून दिला. देताना म्हणाली होती, "ऑर्डरची लोकर उरली होती." ती उरलेली नव्हती, हे काकूंनाही कळलं असणारच. त्याही काही बोलल्या नाहीत.

आता आमच्या बैठकीत एक पत्र्याचा डबा असतो. प्रत्येकीने नवीन काम घेताना एक गोळा जास्तीचा आणायचा आणि शेड व लॉटच्या पट्टीसकट डब्यात टाकायचा. जिला कमी पडेल तिने तो न्यायचा. कोणी विचारत नाही, कोणी हिशेब मांडत नाही. गेल्या थंडीत डब्यातल्या गोळ्यांनी दोन स्वेटर आणि एक शाल पूर्ण झाली. येत्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणाला टाके घालायला शिकायचं असेल तर जरूर या. सुया आम्ही देऊ.