गोधडीची माया

मुंबईच्या चाळींमधून मीरा रोडला आलेल्या संसारांनी सामानाबरोबर जुन्या साड्यांची बोचकीही आणली. चाळीतल्या खोलीला निदान माळा असे. इथल्या वन रूम किचनमध्ये बोचके ठेवायचे कुठे? मग बोहारीण येते आणि आजीची इरकल एका स्टीलच्या पातेल्यावर निघून जाते. ज्या घरात शिलाई मशीन आहे, तिथे मात्र कुणीतरी म्हणते, ‘थांबा, हिची गोधडी करू या.’

आपली जुनी गोधडी, म्हणजेच वाकळ, मशीनवर जन्मली नाही. लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची, कडा दुमडून वर ठिगळे ठेवायची आणि काठापासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कोपऱ्यापासून आत शिवत नेतात. यात आधी तुकडे जोडून घ्यायचे नसतात. त्यामुळे शिवण उलटण्याचा प्रश्नच येत नाही.

मशीनवर आपण आधी चौकोनाला चौकोन जोडून पट्टी करतो आणि मग पट्टीला पट्टी. प्रत्येक जोडाला पाव इंच कापड आत सुटते. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात. दुसरी पट्टी जोडताना खालच्या थराची माया आपल्याला दिसत नाही. मशीनचे दाते कापड पुढे ओढताना तिला उलटे दुमडतात. एका टोकाला माया डावीकडे, दुसऱ्या टोकाला उजवीकडे, आणि मध्ये पीळ. वरून पाहिले तर सारे ठीक दिसते. बोट फिरवले की गाठ लागते.

हे टाळणे सोपे आहे. एका पट्टीतल्या सगळ्या माया डावीकडे वळवून इस्त्री दाबावी, शेजारच्या पट्टीतल्या उजवीकडे. इस्त्री घासू नये, कापड ताणले जाते. दोन शिवणी समोरासमोर आल्या की एकमेकींत चपखल बसतात. तिथे टाचणी लावावी, आणि सुई जवळ येताच टाचणी काढून दाभणाच्या टोकाने खालची माया जागेवर धरावी.

तरीही पीळ पडलाच तर अख्खी पट्टी उसवू नये. जिथे माया उलटली आहे, तिथे आडव्या शिवणीचे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच टाके उसवावेत. माया सरळ करून टाचणी लावावी आणि जुन्या टाक्यांवर थोडे चढवून पुन्हा शिवावे. काम फार पुढे गेले असेल तर पीळ पडलेल्या मायेला टाक्यांच्या अलीकडेपर्यंत छोटी कात्री द्यावी, म्हणजे दोन्ही भाग आपापल्या बाजूला सपाट पडतात. मात्र विरलेल्या साडीला कात्री देऊ नये, तिथे कापड सुटते. एक पट्टी जोडली की लगेच उलटी करून पाहावी. जुने कापड वारंवार उसवणे सोसत नाही.

‘अस्तराखाली कोण बघणार?’ असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. त्यांच्या रेषा वाकड्या आहेत, चौकोन तिरके आहेत. त्यातच त्यांचे सौंदर्य आहे. मग आपणच एवढा काटेकोरपणा का करावा?

कारण वाकडी रेषा आणि पिळलेली शिवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषा वाकडी असली तरी ऊब कमी होत नाही. पिळाच्या जागी मात्र थर साचतात, धावदोरा घालताना सुई अडते. धुताना, वापरताना तो उंचवटाच आधी घासतो आणि वरची साडी तिथे फाटते. आईची साडी इतकी वर्षे टिकली, ती या एका गाठीपायी का जावी?

मीरा रोडच्या घरात गोधडी लागते ती फार तर डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. उरलेले वर्षभर ती पलंगाखालच्या पेटीत असते. तरी ती शिवायची, कारण पुढे ज्या नातवंडांनी आजीला पाहिलेले नसेल, त्यांच्या अंगावर तिचे लुगडे पडणार असते. त्यांच्यासाठी चार टाके उसवायला पंधरा मिनिटे पुरतात.