आकडा ३६चा, उकाडा भलताच! आठवड्याचा हवामान अंदाज वाचायचा तरी कसा?

दुपारचा एक वाजलाय. कोलकात्यातल्या एस्प्लनेड मेट्रो स्टेशनच्या पायऱ्या चढून तुम्ही वर येताय. खाली गाडीत एसीचा छान गारवा होता. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. मोबाईल काढून बघता, तर तापमान ३६ अंश.

तुम्ही नागपूरचे किंवा चंद्रपूरचे असाल, तर हसूच येईल. ‘३६? आमच्याकडे एप्रिलमध्ये ४२ असतं!’ पण दहा मिनिटं चौरंगी रस्त्याने चालून बघा. शर्ट पाठीला चिकटतो, रुमाल पिळून काढावा लागतो आणि ग्रँड हॉटेलच्या कमानींखालच्या सावलीत उभं राहिलं, तरी घाम थांबत नाही. मग मनात येतं, मोबाईल खोटं बोलतोय का?

नाही. मोबाईल खरंच बोलतोय, पण अर्धंच. आपण फक्त तापमानाचा मोठा आकडा वाचतो आणि बाकीचं सोडून देतो. ऐन चैत्रात, उन्हाळा अंगावर येत असताना ही सवय महागात पडू शकते. म्हणूनच आठवड्याचा अंदाज पूर्ण कसा वाचायचा, ते आज समजून घेऊया.

घाम येतो, पण वाळत नाही

आपल्याला गार वाटतं ते घाम आल्यामुळे नाही, तर घाम वाळल्यामुळे. घामाची वाफ होताना ती शरीरातली उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल, तर हे काम झटपट होतं. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ अंगातून जातं, पण गारवा काही मिळत नाही.

विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच तत्त्वावर चालतो. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते आणि खोली थंड पडते. तोच कूलर कोलकात्यात लावला, तर खोली गार होण्याऐवजी आणखी दमट होते. बदली होऊन कोलकात्याला गेलेल्या घरांना हा धडा पहिल्याच उन्हाळ्यात मिळतो.

हा फरक आकड्यांत बघायचा असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा तक्ता आहे. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर शरीराला ते साधारण ३३ अंशांसारखं वाटतं. तापमान तेवढंच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर तेच ३२ अंश जवळपास ४१ अंशांसारखे वाटतात. शिवाय हा हिशेब सावलीतला आहे. उन्हात याहून जास्त त्रास होतो.

‘४०च्या खाली आहे ना, मग काय होतंय?’

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण ते धोक्याचं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं मोकळ्या मैदानात कित्येक तास उन्हात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेलं तापमान होतं सुमारे ३८ अंश.

भारतीय हवामान विभागाचे उष्णतेच्या लाटेचे निकष ठरलेले आहेत. सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असावा लागतो. किनारपट्टीला हीच मर्यादा ३७ अंशांची आहे. म्हणजे ३६ अंशांच्या घामट दिवसाला कागदावर ‘लाट’ म्हणता येत नाही. पण शरीर काही निकष वाचून त्रास करून घेत नाही. म्हणून अशा दिवसांसाठी अंदाजात वेगळे शब्द असतात : ‘उष्ण आणि दमट’. पुढच्या वेळी हे तीन शब्द दिसले, की त्यांना लाटेइतकाच मान द्या.

कोलकात्याचा चैत्र : दोन वाऱ्यांचा खेळ

या शहराचा उन्हाळा दोन वाऱ्यांवर ठरतो. दक्षिणेकडून, बंगालच्या उपसागरावरून येणारा वारा बाष्प आणतो. तो जोरात असला, की पारा फार चढत नाही, पण माणूस घामाने भिजून जातो. पश्चिमेकडून, छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारा वारा मात्र कोरडा आणि तापलेला असतो. त्याने जोर धरला, की पारा भराभर वर जातो.

२०२४च्या एप्रिलमध्ये हेच झालं. उन्हामुळे पश्चिम बंगालमधल्या शाळांची सुट्टी २२ एप्रिललाच सुरू करावी लागली आणि ३० एप्रिलला कोलकात्याचा पारा ४३ अंशांवर पोहोचला. गेल्या कित्येक दशकांत शहराने एवढा तापलेला एप्रिल पाहिला नव्हता. त्याच दिवशी राज्यातल्या कलाईकुंडा इथे ४७.२ अंशांची नोंद झाली.

हे दोन्ही वारे एकमेकांना भिडतात, तेव्हा येते ‘कालबैसाखी’. दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी वायव्येकडून काळे ढग चालून येतात, धुळीचा लोट उठतो, वीज कडाडते, सरी कोसळतात आणि तासाभरात हवा कितीतरी अंशांनी थंड होते. आपल्याकडच्या वळवाच्या पावसाची ही बंगाली बहीणच म्हणा ना! लोक तिची चातकासारखी वाट बघतात. पण ती येताना विजा घेऊन येते, हेही विसरून चालत नाही.

कोलकात्याहून पुण्यापर्यंत

हवामानाच्या अंदाजाचं कोलकात्याशी जुनं नातं आहे. १८६४च्या भीषण चक्रीवादळाने हे शहर उद्ध्वस्त केलं होतं. त्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला, त्याचं मुख्यालय इथेच होतं. ते १९०५ मध्ये सिमल्याला गेलं आणि तिथून १९२८ मध्ये पुण्याला आलं. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते यामुळेच! १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण नाव पुण्यात राहिलं.

आज कोलकात्याचा अंदाज अलीपूरच्या कार्यालयातून येतो. तिथलं तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत मोजलं जातं. एस्प्लनेडच्या तापलेल्या डांबरावर, बसच्या गर्दीत दिवसभर उभ्या असलेल्या फेरीवाल्याला जाणवणारी उष्णता त्या आकड्यात नसते.

आठवड्याचा अंदाज असा वाचा

मोबाईलवर ‘मौसम’ अ‍ॅप उघडा किंवा तुमच्या भागातल्या हवामान केंद्राचा अंदाज पाहा. वाचताना या पाच गोष्टी शोधा :

• कमाल तापमान : नुसता आकडा नको, तो सरासरीपेक्षा किती वर आहे, ते बघा. मार्चमधले ३७ आणि मे महिन्यातले ३७ सारखे नसतात. मार्चमध्ये शरीराला उन्हाची सवय झालेली नसते.

• किमान तापमान : हे आपण वाचतच नाही. रात्रीही पारा २८च्या आसपास राहिला, तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. अशा सलग तीन-चार रात्रींनंतर घरातल्या आजी-आजोबांकडे जास्त लक्ष द्या.

• आर्द्रता : दुपारची आर्द्रता बघा. पहाटे ती जास्तच असते. दुपारीही ६० टक्क्यांच्या वर असेल, तर दिवस घामाचा जाणार हे नक्की.

• रंग : हिरवा म्हणजे निर्धास्त राहा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच कृती करा.

• शब्द : ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर पाव भागात पाऊस. तो तुमच्याच गल्लीत पडेल असं नाही. म्हणून त्या भरवशावर उन्हातली कामं काढू नका. ‘तापमानात मोठा बदल नाही’ हे वाक्यही नीट वाचा. आज उकाडा असेल, तर पुढचे दिवसही उकाड्याचेच, असा त्याचा अर्थ आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज जास्त भरवशाचा असतो, सहाव्या-सातव्या दिवसाचा बदलू शकतो. त्यामुळे रविवारी एकदा वाचून थांबू नका, रोज सकाळी एक नजर टाका. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, तेही मोबाईलमध्ये असू द्या. गडगडाट ऐकू आला, की मैदानातून किंवा झाडाखालून निघून सरळ पक्क्या इमारतीत जा.

घरात काय कराल?

आपलं कैरीचं पन्हं आणि बंगालमधलं भाजलेल्या कैरीचं ‘आम पोडार शोरबोत’ ही एकाच उन्हाची दोन उत्तरं आहेत. ताक, शहाळ्याचं पाणी, लिंबूपाणी हेही उत्तम. तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पीत राहा.

ओआरएसची पाकिटं घरात ठेवाच. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धावेळी कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मिठाचं हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती आणि काय प्यायचं, ते डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, आईचं दूधच अधिक वेळा द्या.

दुपारी १२ ते ३ या वेळेत बाहेरची कामं टाळा. ज्यांना टाळता येत नाहीत, त्यांचाही विचार करा. सामान घेऊन दारात आलेल्या मुलाला, सुरक्षारक्षकाला, भाजीवाल्या मावशींना एक ग्लास पाणी आणि दोन मिनिटं पंख्याखालची जागा द्या.

आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. लगेच ११२ वर फोन करा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका.

उद्या सकाळी मोबाईलवर हवामान बघाल, तेव्हा मोठ्या आकड्याखालच्या छोट्या ओळीही वाचा. रात्रीचं तापमान किती, आर्द्रता किती, रंग कोणता? दोन मिनिटांचं काम आहे. मग घरच्या ग्रुपवर नुसतं ‘आज ३६ आहे’ असं पाठवू नका. ‘आज घामाचा दिवस आहे, आजोबांना दुपारी बाहेर सोडू नका’ असं लिहा!