रांग मोडा, तेरडा पेरा!

सोसायटीच्या बागेतली फुलझाडं पाहिलीत? शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी एका रांगेत! यंदा काहीतरी हटके करायचंय? कॉसमॉस दिसतो छान, पण तो पाहुणा पुण्याच्या टेकड्यांवर केव्हाच पाय पसरून बसलाय. त्यापेक्षा आपला तेरडा आणा. इथल्याच मातीतला, एका पावसाचा.

जूनमध्ये दोन-चार सरी पडल्या की माती भुसभुशीत करा. चमचाभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळा आणि चक्क फेकून पेरा. वरून मातीचा अगदी पातळ थर.

खरी परीक्षा पुढेच! रोपं बोटभर झाली की दाटीतली उपटायची, उरलेल्यांना वीतभर जागा द्यायची. जिवावर येतं, पण इथे हात आखडला तर सगळीच किडकिडीत राहतात. अंतर मात्र पट्टीने मोजू नका. कुठे घोळका, कुठे मोकळं, तरच वाफा रानातला वाटतो.

साधारण दोन महिन्यांत, गौरींच्या सुमारास, फुलं येतात. कोकणात तर तेरड्याचीच गौर आणतात. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणे! पण त्याची पिकलेली फळं हात लागताच फुटतात, बी उडतं आणि पुढच्या पावसात तुमच्या ऑफिसच्या डेडलाइन्स काहीही असोत, तेरडा आपला आपण उगवतो.