चित्रांचे पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊ नका

मूल ओसरीवर पालथे पडून चित्रांच्या गोष्टीत रमले, की घरातून हाक येतेच, "अरे, चित्रं काय बघत बसलास? अभ्यासाचं वाच!" हाक मायेपोटीच असते. पण चित्रे पाहणे म्हणजे वाचन नव्हे, ही समजूत काही खरी नाही.

चित्रांतून कथा सांगण्याची रीत आपल्याकडे बाहेरून आली, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळ पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावर रंगवलेली चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवीत. अशा चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र लोकांपुढे उभे धरायचे आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. ऐकणाऱ्याला अक्षर येवो न येवो, कथा कळायचीच. याच गावच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय करून ही कला जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढे छापखाना आला आणि ही पोथी मासिकाच्या रूपाने घरात शिरली. १९४७ च्या जुलैमध्ये मद्रासेत 'चंदामामा' तेलुगू आणि तमिळ भाषांत निघाले. १९५२ पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागले. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम राजा आठवतो ना? ते चित्र शंकर या नावाने काढणारे चित्रकार २०२० साली वारले. चांदोबाही आता निघत नाही. पण कित्येक घरांच्या ट्रंकेत त्याचे जुने अंक अजून सापडतील.

'अमर चित्र कथा' तर तुम्हाला ठाऊक असेलच. तिचे संपादक अनंत पै शिक्षणाने रसायन अभियंते होते. १९६७ साली दिल्लीत त्यांनी दूरदर्शनवर एक प्रश्नांचा कार्यक्रम पाहिला. ग्रीक देवांची नावे पटापट सांगणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव येईना. ही गोष्ट पैंच्या मनाला लागली, आणि कृष्ण, राम, शकुंतला चित्रांच्या चौकटींत आल्या. कृष्णाची चित्रे राम वाईरकरांनी काढली. १९८० मध्ये निघालेल्या 'टिंकल'मधला भोळसट सुपंडीही त्यांच्याच हातचा.

आता यात वाचन कोणते, ते पाहा. एका चौकटीत बैल दावे तोडतो आहे. दुसऱ्या चौकटीत तो शेजाऱ्याच्या ज्वारीत उभा आहे. मधले कोणी लिहिलेले नाही आणि काढलेलेही नाही. कुंपण कुठून मोडले, कोण ओरडले, हे मूल मनातच जुळवते. बोललेले शब्द फुग्यात, मनातले ढगात, हेही ते न शिकवता ओळखते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला चित्राचा आधार मिळतो, आणि शब्द अडला तरी गोष्ट सुटत नाही. वाचनाची धास्ती बसलेल्या मुलाला आणखी काय हवे?

मात्र एक सावधगिरी हवी. चित्र मनावर लवकर ठसते आणि पुसता पुसत नाही. जुन्या चित्रकथांत राक्षस काळा आणि राजकन्या गोरी असे फार वेळा दिसते. उन्हातान्हात राबून रापलेल्या आईबापांच्या मुलाने त्यातून काय घ्यायचे? म्हणून पुस्तक काढून घेऊ नका, शेजारी बसा. "चांगला माणूस काळा नसतो का रे? आपला आजोबा बघ," एवढे एक वाक्य पुरते. पुराणातली कथा आणि इतिहासात घडलेली गोष्ट यांतला फरकही असाच बोलता बोलता सांगावा.

आणखी एक करून पाहा. अक्षरांवर हात ठेवा आणि मुलीला नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगायला लावा. मग हात काढून ती वाचायला सांगा. आजीला वाचता येत नसले, तर तिला जवळ बसवा. चित्र आजीने पाहावे, अक्षर नातीने वाचावे. चित्रात नसलेले चार प्रसंग आजीच भर घालील.

यासाठी मोठा खर्च नको. शाळेच्या कपाटात अशी पुस्तके आहेत का, हे गुरुजींना विचारा. असतील तर ती कुलपात न राहता मुलांच्या हाती पडतात का, हेही पाहा. हाताळून फाटलेल्या पानाला खळ लावून चिकटवता येते. पण वाचनाची गोडी लागायच्या वयात ती लागली नाही, तर पुढे ती लावणे फार अवघड जाते.